परसातली चोरटी भट्टी

आमच्या परसात लोहाराची भट्टी आहे हे लातूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला, आणि ते परस नेमकं त्याच्याच मालकीचं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज एक नवं हापिस उघडायचं आणि त्या हापिसाबरोबर चारदोन साहेब गावात उतरायचे. साहेबांना हापिस मिळे, शिपाई मिळे, जीपही मिळे; घर तेवढं मिळत नसे. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या, तो रस्त्यानं मिशीला पीळ भरत चालायचा. आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवलेली. साहेब वाढत गेले, पाणी आटत गेलं. नळाला सूं सूं आवाज यायचा, त्यालाच लोक नळ आला म्हणायचे.

मी सकाळच्या शाळेत मास्तरीण होते. आमचे हे कारकून. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा कपाटं, टेबलं, खुर्च्या आणि कारकून या सगळ्यांचीच वाटणी झाली. त्यात ह्यांचं टेबल लातूरला आलं आणि हे उस्मानाबादलाच राहिले. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. मधले सगळे दिवस घरात राज्य माझं.

घर म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि एक परस. पुढचं सगळं घरमालकांचं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान होतं, गाव त्यांना अप्पा म्हणायचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं लोण्यासारखं. लोण्यात सुरी अलगद जाते तसे ते अलगद मुद्द्यावर यायचे.

"मास्तरीणबाई, सायेब लोक दारात येऊन उभे राहून राहिलेत. मी म्हणतो, न्हाई हो, आमची माणसं हायेत मागं. पर एक हाय. आवाज नको, धूर नको, जास्तीचा पाव्हणा नको. एक जरी तक्रार आली, तर मग माझा इलाज न्हाई."

यातला आवाज आणि धूर आम्ही एकाच दिवशी सुरू केला. जास्तीचा पाव्हणा त्याआधीच येऊन बसला होता. तो पाव्हणा म्हणजे माझे सासरे.

मी त्यांना मामा म्हणायची. जातीचे लोहार, पण जवानीतच गाव सोडून नांदेडकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले. दुष्काळात कापूसच येईना, तेव्हा जिनिंग बंद पडलं आणि मामा थोरल्या मुलाकडे, नांदेडला राहायला गेले. थोरल्या जाऊबाईंचं घर आरशासारखं. कशाला हात लावला की बोटं उमटायची. मामा तिथून एका पावसाळ्यात, म्हणजे जो झाला नाही त्या पावसाळ्यात, गाठोडं आणि हातोडा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी विचारलं, काय झालं?

"काय झालं न्हाई, पोरी. तिथं मला लई मान हाय. सकाळी मानानं खुर्चीवर बसिवतात, सांजच्याला मानानं उठिवतात."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. या माणसानं आयुष्यभर उभ्यानं काम केलेलं. मी गाठोडं आत ठेवलं आणि मनाशी ठरवलं की यांना परत त्या खुर्चीवर जाऊ द्यायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. मामांनी आमच्या घरात जे जे मोडलेलं होतं ते आठवड्यात दुरुस्त केलं. मग जे चांगलं होतं ते दुरुस्त करायला घेतलं. स्टोव्ह सुधारला, तो पेटेना. दाराची कडी सुधारली, आम्ही घरात कोंडले गेलो. शेवटी माझ्या लग्नातली शिलाई मशीन सुधारली आणि ती उलटी शिवायला लागली. माझा राग तसा नाकावरच असतो. मी ओरडले, "मामा, हाताला एवढीच खाज सुटलीय तर घाला की परसात भट्टी!"

मी हे रागानं बोलले होते. मामांनी ती परवानगी समजली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर म्हातारा पायात वहाणा घालून तयार.

"चल बाई, बाजारात. ऐरण बघाय जायचं."

भंगार बाजारात एक म्हातारे चाचा होते. दाढी मेंदीची, दुकानात लोखंडाचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी ते नवाबासारखे गादीवर बसलेले. मामांची आणि त्यांची जोडी पहिल्या कटिंग चहातच जुळली. कुठला तुकडा कोणत्या गाडीचा, हे चाचा ठोकून सांगायचे आणि मामा वास घेऊन. दोघंही खोटं बोलत असावेत, पण दोघांना एकमेकांचं पटत होतं. छोट्या रेल्वेच्या रुळाचा एक हातभर तुकडा मामांनी हेरला. मी म्हटलं, हा नको, फार जड आहे. चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले, "नक्को मत बोलो मॅडम. ये रूळ पे गाड्यां दौडे सो है. तुमारा हातोडा इसको गुदगुल्यां करेंगा."

रूळ घेतला. ट्रकचा एक ब्रेक ड्रम घेतला, तो भट्टीचा वाडगा झाला. बंद पडलेल्या एका कारखान्यातला छोटा लोखंडी पंखा मिळाला, त्याची दोन पाती मोडलेली होती. जीपच्या स्प्रिंगचा तुटका कमानपाटा घेतला. आणि पत्रा तर फुकटच म्हणावा असा पडून होता. जिल्हा बदलल्यामुळे तालुक्यातल्या सगळ्या सरकारी पाट्या बदलत होत्या. 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेल्या जुन्या पाट्यांचा चाचांकडे ढीग लागला होता. त्यातली एक आमच्या भट्टीवर धुरासाठी टोपी म्हणून बसली. आमचे हे शनिवारी आले, टोपीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझं हापिस इथं कसं काय?"

हे सगळं सामान चाचांच्या हातगाड्यावरून मागच्या बोळातून आलं. आमच्या परसाला बोळात उघडणारं एक दार होतं. परसात एका कोपऱ्यात जुना संडास होता, त्यामुळे सोवळे अप्पा जन्मात तिकडे फिरकत नसत. घराचं तोंड मोठ्या रस्त्याला आणि पाठ बोळाला. चाचांना आमची फक्त पाठच माहीत होती. हे पुढं फार कामाला आलं. कामाला आलं की अंगाशी आलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामांनी बाभळीच्या खोडात रूळ उभा गाडला, त्याची ऐरण झाली. ब्रेक ड्रमला आतून माती लिंपली. आता वारा कुठून आणायचा? पंखा होता, तो फिरवायचा कसा? मामा माझ्या शिलाई मशीनकडे बघायला लागले.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"ती तशीबी उलटीच शिवते," मामा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मशीनचं डोकं खाली निघालं, पट्टा पंख्याला लागला, आणि मी माझ्याच मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून निखाऱ्यांना वारा घालत होते. लग्नात ती मशीन देताना आईनं सांगितलं होतं की पोरी, हिनं संसाराला हातभार लागेल. आईला हा हातभार अभिप्रेत नसावा. पण खरं सांगू का, पहिल्यांदा कोळसा लाल झाला, मग नारिंगी झाला आणि मामांचा चेहरा उजळला, तेव्हा मला मशीनचं काही वाटेनासं झालं.

पहिली वस्तू सांडशीच करायची असते, कारण सांडशीशिवाय तापलेलं लोखंड धरायचं कशानं? पण मग सांडशी करताना सांडशी कुठून आणायची? त्या कामी माझी स्वयंपाकाची पक्कड गेली. शहीदच झाली म्हणा. मग समोरच्या नव्या हापिसाच्या बांधकामावरचे सळईचे तुकडे चाचांकडे यायला लागले, त्यातून सांडशी, छिन्नी, भोकं पाडायचा पोगर असं एकेक हत्यार उभं राहिलं. मी पदर खोचून घणसुद्धा मारायला शिकले. सकाळी शाळेत मुलांना शुद्धलेखन घालायचं आणि दुपारी घरी येऊन लोखंड बडवायचं. शाळेतल्या मुलांना त्या वर्षी माझ्या हातचा मार जरा कमी बसला, कारण दुपारची सोय झाली होती.

दुष्काळात लोहाराला काम काय, असं कुणाला वाटेल. उलट कामच काम. विहिरी खोल गेल्या, दोर लांब झाले, बादल्या आत पडायला लागल्या. बादली काढायला गळ लागतो. गल्लीतल्या प्रत्येक आडाला मामांचा गळ गेला. बादल्यांचे कान, घागरींचे हातगाडे, हापशाच्या दांड्याची खीळ. मजुरी कुणी ज्वारीत द्यायचं, कुणी चक्क पाण्यात. एक तांब्या पाणी द्यायचं आणि बादलीचा कान जोडून न्यायचा. ते पाणी मामा एका डब्यात ओतायचे आणि त्यातच लोखंड विझवायचे. तो डबा कधीही ओतून टाकायचा नाही असा त्यांचा नेम. त्यातलं काळं पाणी पाजलं की भीती उतरते म्हणून ते घोटभर मागायला बायका दचकलेली लेकरं काखेत घेऊन यायच्या.

आणि अप्पांना हे कळलं कसं नाही? त्यांना ऐकू कमी यायचं म्हणावं, तर भाव ऐकायला त्यांचे कान सशाचे. गोष्ट अशी की अप्पा सकाळी मोंढ्यात जायचे ते दिवे लागताना परत यायचे. ते दिवसभर घरी सापडायचे फक्त अमावस्येला, कारण अमावस्येला मोंढा बंद. आणि लोहारही अमावस्येला भट्टी पेटवत नाही. मामांच्या बापानं पाळलं, आजानं पाळलं, मामांनी जिनिंगमध्ये असतानाही त्या दिवशी हातोडा उचलला नाही. त्यामुळे अप्पा घरी असले की आमच्याकडे शुकशुकाट. "मागची माणसं लई शांत," असं ते मोंढ्यात सांगायचे म्हणे. आडत्याची सुट्टी आणि लोहाराची सुट्टी एकाच तिथीला पाडणाऱ्या पूर्वजांना मी रोज हात जोडायचे.

वास मात्र रेंगाळायचा. एकदा अप्पा लवकर आले आणि दारातूनच म्हणाले, "काय जळून राहिलं, मास्तरीणबाई?"

"भाकरी करपली, अप्पा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "आज काय जळलं?"

"भाकरीच."

अप्पांच्या मनात माझ्याविषयी कणव दाटून आली. बिचारी शिकलेली बाई, हिला साधी भाकरी येत नाही. त्यांनी घरात फर्मान काढलं आणि त्यांच्या पत्नी, अक्का, रोज संध्याकाळी दोन भाकरी घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. गल्लीभर माझ्या स्वयंपाकाची अब्रू गेली. अक्का भाकरी माझ्या हातात देताना पदरात तोंड लपवून हसायच्या. त्या दिवसभर घरात, त्यांना ठोका ऐकू येणार नाही तर कुणाला? पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून त्यांनी मामांना सांगितलं होतं, "मी काय बी ऐकलं न्हाई. मला एक तवा लागतो, खोलगट." तो तवा झाला आणि अक्कांचं तोंड बंद झालं. ज्या भाकऱ्या अप्पा आम्हाला दयेपोटी पाठवायचे त्या आमच्याच तव्यावर भाजलेल्या असायच्या.

एकदा शनिवारी थोरले दीर नांदेडहून आले. त्यांनी परसात नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "मालकाला कळलं तर तुमचं घर जाईल. लातुरात आता उंदराला बीळ मिळत न्हाई. घर गेलं की बाबांना मी घेऊन जाणार. त्यांच्यासाठी खुर्ची तयारच हाय." ते चांगल्या मनानं बोलत होते, त्यामुळे भांडताही येईना. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आणि त्याच महिन्यात अप्पांनी लोण्यातली सुरी थोडी आणखी आत सरकवली. एक मोठे इंजिनियर साहेब घर बघायला येणार होते. "नुसतं बघून जातील," अप्पा म्हणाले.

मी मामांना म्हटलं, ते येऊन जाईपर्यंत भट्टी बंद ठेवू. मामा म्हणाले, हाव. पण चाचांनी एक मोठं काम आणलं होतं. मोंढ्यातल्या कुण्या शेटजीला पाण्याच्या हौदावर मजबूत लोखंडी झाकण हवं होतं, कडीकोयंड्यासकट. पाण्याची चोरी व्हायला लागली होती आणि लोक हौदांना कुलपं घालत होते. चाचांनी माप म्हणून गाठी मारलेली सुतळी आणली. मामा सुतळी बोटांवर फिरवत बसले. एवढं मोठं काम जिनिंग सुटल्यापासून त्यांच्या हाताला आलं नव्हतं. मी म्हटलं, करा, पण हे शेवटचं.

मामांनी जीव ओतला. सळईची चौकट, वर सरकारी पाटीचा पत्रा, अक्षरं आतल्या बाजूला. कडी कमानपाट्याची, आणि रिबिटा अशा ठोकल्या की त्यांची डोकी पत्र्यात बुडाली. कुठं नख लागायला जागा नाही. घण मीच मारला. काम झाल्यावर मामा झाकणाभोवती फिरले आणि म्हणाले, "आता ब्रम्हदेव आला तरी किल्लीबिगर उघडणार न्हाई." चाचा हातगाड्यावरून ते घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी पुढच्या दारात हातगाडा थांबला. मी बघायला गेले. दोन हमाल आमचंच झाकण उतरवत होते आणि अप्पा त्यांना सांगत होते, "हळू, हळू, लई भारी माल हाय." मग ते आमच्याकडे वळले. "मास्तरीणबाई, आजपासून हौदाला कुलूप. सकाळी मी उघडीन तेवढ्यात भरून घ्यायचं."

ज्या हौदातून आम्ही पाणी भरायचो त्यालाच आम्ही स्वतः, घाम गाळून, मजबूत कडी करून दिली होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात असं ऐकलं होतं. आम्ही तो धोंडा घडवून, घासूनपुसून, मोजून पाडून घेतला. मी रागानं तरातरा मामांकडे गेले. मामा भिंतीआडून हौदाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शरम असायला हवी होती, पण तिथं आनंद होता.

"कसं बसलंय बघ. सुतळीभर फट न्हाई."

"मामा, ते आपल्या तोंडावर बसलंय!"

"हाव," ते म्हणाले, "पर बसलंय बघ कसं."

मग रोज सकाळी अप्पा कमरेच्या करगोट्याची किल्ली काढायचे, झाकण उभं करायचे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या सरकारी अक्षरांत 'विनापरवानगी आत येऊ नये' असं वाचत आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे राहायचो.

इंजिनियर साहेबांची यायची तारीख ठरली, रविवारची. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मामांनी पुन्हा भट्टी पेटवली होती. एका बाईचा रहाटाचा आस मोडला होता, त्याशिवाय तिच्या घरी पाणी नव्हतं. मी पायट्यावर होते. इतक्यात अक्का धापा टाकत भिंतीवर आल्या. "विझवा, विझवा! हे आलेत, टँकर घेऊन!" आम्ही निखाऱ्यांवर राख ओढली. मी घाईनं तांब्या घेऊन काहीतरी घासायला बसले. थोड्या वेळानं अक्का पुन्हा आल्या. "गेले. हौदापाशी वाकले, कंबर चाचपली, आन् सायकल काढून सुसाट गेले. काय झालं काय की." आम्ही पुन्हा राख सारली, पुन्हा वारा घातला.

घडलं होतं असं. अप्पांचा करगोटा मोंढ्यात तुटला होता आणि किल्ली तुरीच्या ढिगात पडली होती. तो ढीग पोत्यांत भरून, शिवून, हैदराबादच्या ट्रकवर चढला होता. दारात टँकर उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवून म्हणत होता की घ्यायचं तर आत्ता घ्या नाहीतर पुढच्या गल्लीत जातो, आणि हौदावर ब्रह्मदेवालाही न उघडणारं झाकण. अप्पा सायकल मारत चाचांकडे गेले आणि म्हणाले, ज्यानं हे केलं त्याच्याकडे आत्ता घेऊन चला. चाचा सज्जन माणूस. ते त्यांना जवळच्या वाटेनं, बोळाबोळातून घेऊन आले.

परसाचं मागचं दार वाजलं. मी पायटा न थांबवता म्हटलं, या. चाचा आत आले. "बाबा, गिऱ्हाइक लायूं. इनकी किल्ली गुम गई. तुमारी कडी है, तुमीच खोलो."

चाचांच्या मागून अप्पा आत आले. आधी त्यांनी ऐरण पाहिली. मग मामा पाहिले. मग पदर खोचून, तोंडाला काजळी लागलेली, शिलाई मशीनवर बसलेली मी पाहिली. मग आपल्या अंगणातून रोज भिंतीवरून दिसणारं लिंबाचं झाड पाहिलं. मग भिंतीपलीकडे दोरीवर वाळणारं स्वतःचंच धोतर पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"हे... हे माझं घर हाय."

"हौ जी," चाचा अदबीनं म्हणाले, "आपकाच घर समझो."

कुणी हसलं नाही. मला मात्र हसू असं दाटलं की मी खाली वाकून पट्टा बघायला लागले. पुढून टँकरचा भोंगा वाजला. मामांनी छिन्नी आणि हातोडा उचलला, आमच्या खोल्यांतून सरळ पुढं गेले, हौदापाशी बसले. कोणती रिबीट शेवटची ठोकली होती ते त्यांनाच ठाऊक. चार घाव घातले, कडी निखळून पडली. झाकण उभं राहिलं. सगळी गल्ली घागरी घेऊन जमली होती. टँकरचं पाणी हौदात पडायला लागलं आणि अप्पा त्या 'विनापरवानगी'कडे बघत उभे राहिले. रागावले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, मला ते बरं जमतं. पण ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं तसे हे खाटेवर मटकन बसले. "उद्याच इंजिनियर येणार," एवढंच म्हणाले. परसातून खणखण आवाज आला म्हणून मी गेले तर मामा भट्टी मोडत होते. पंखा सोडवला होता, मशीनचं डोकं परत जागेवर बसवलं होतं. "चाचाला सांग, घेऊन जाय म्हणावं. मी नांदेडला जातो. म्हातारा गेला, भट्टी गेली, तर तो माणूस तुमाला ऱ्हाऊ देईल."

"तुम्ही कुठंही जाणार नाही!" मी ओरडले. "गेलो तर सगळे जाऊ!"

"कुठं जाशील? शाळा हितं हाय तुझी. कशाला घाबरलालीस, मी काय मराय चाललो? खुर्चीवर बसाय चाललो." आणि मग हळू आवाजात म्हणाले, "चार महिनं हाताला काम भेटलं, पोरी. लई झालं." माझ्यानं तिथं उभं राहवेना.

पलीकडे त्या रात्री काय झालं ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. अप्पा जेवायला बसले. दुसरी भाकरी वाढताना अक्का म्हणाल्या, "चांगली झालीय का?" अप्पांनी मान हलवली. "मग तवा कुणी केलाय ते बी इचारा की." अप्पांनी भाकरीकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि तिसरी भाकरी मागून घेतली.

रविवारी सकाळी इंजिनियर साहेब आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात रुमाल. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते, जणू त्यांचीच बदली होणार होती. मामा परसात गाठोड्यावर बसलेले. अप्पांनी साहेबांना खोल्या दाखवल्या आणि परसात आणलं. साहेबांनी रूळ, ब्रेक ड्रम, पाट्यांचे पत्रे यांच्याकडे नाकाला रुमाल लावून बघितलं.

"हे लोक खाली कधी करतायत?"

"कोण लोक?" अप्पा म्हणाले.

"हेच. तुम्हीच म्हणाला होता ना, जागा होईल म्हणून."

"मोंढ्यात सकाळचा भाव संध्याकाळी ऱ्हात न्हाई, सायेब. ही घरातलीच माणसं हायेत. हलणार कुठं?"

साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले, मग रुमाल घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. अप्पा मामांकडे वळले. एवढ्या महिन्यांत ते त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"हे गाठोडं कशाचं?"

"नांदेडला चाललो."

"आन् माझा हौद? झाकणाची कडी तोडून चाललाव? रातभर पाणी उघडं हाय." अप्पांनी खिशातून नवं कोरं कुलूप काढलं. त्याला सुतळीनं दोन किल्ल्या बांधलेल्या होत्या. एक त्यांनी सोडवली आणि मामांपुढे धरली. "पयले कडी बसवा. आन् ही तुमच्यापाशीच राहू द्या. माझ्यापाशी ऱ्हात न्हाई."

मामांनी हात धोतराला पुसले. उलटसुलट करून पुन्हा पुसले. मग किल्ली घेतली, आणि गाठोडं सोडून त्यातला हातोडा बाहेर काढला.

मी तिथंच उभी राहून रडले, पदरही तोंडाला लावला नाही. आमचे हे जवळ आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आता कशाला रडतेस? घर राहिलं ना." या माणसाला अजूनही वाटतं की मी घरासाठी रडले.